अमेरिकेतल्या एका काउंटीतला कापूस आणि एकरी साडेदहा हजारांचा हिशेब

जानेवारी 2026मध्ये यवतमाळहून काकांचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि मग त्यांनी मूळ मुद्द्याला हात घातला. "काऊन रे, अमेरिकेत कापसाले सरकार एकरी दहा हजार देऊन राह्यलं म्हंते. खरं हाय का? का हे बी मोबाइलातलंच?"

तपासून सांगतो म्हटलं. खरं निघालं. अमेरिकी सरकारने डिसेंबर 2025मध्ये शेतकऱ्यांसाठी 12 अब्ज डॉलरची मदत जाहीर केली आणि त्यात कापसाला एकरी सुमारे 117 डॉलर ठरले. डॉलर 90 रुपये धरला (या लेखात सगळीकडे तोच धरू) तर एकरी साडेदहा हजार. काकांच्या कानावर आलेला आकडा उलट थोडा कमीच होता.

पण ही मदत म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या पैशाचा फक्त वरचा थर. खाली आणखी दोन-तीन थर आहेत, ते जुने आहेत आणि जास्त पक्के आहेत. ते समजल्याशिवाय हा आकडा नुसता जिव्हारी लागतो, डोक्यात काही शिरत नाही. आपल्या कापसाच्या भावाशीही त्याचा संबंध आहे, म्हणून जरा सावकाश उलगडून पाहू.

काउंटी म्हणजे काय?

अमेरिकेत राज्याच्या खालचा कारभाराचा भाग म्हणजे काउंटी. आपल्या तालुक्याच्या नि जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. देशभरात अशा तीन हजारांहून जास्त आहेत, एकट्या टेक्सासमध्ये 254. त्यातली एक घेऊ: टेक्सासच्या पश्चिम पठारावरची लिन काउंटी. लबक शहराच्या दक्षिणेला, ताहोका हे तिचं मुख्य गाव. सपाट जमीन, पाऊस आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखा बेभरवशाचा, आणि नजर पोचेल तिथपर्यंत कापूस. क्षेत्रफळ सुमारे 900 चौरस मैल, म्हणजे आपले दोन-तीन तालुके सहज मावतील. लोकसंख्या मात्र साडेपाच हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाएवढी माणसं एवढ्या मुलखात पसरलेली.

अमेरिकेत शेताचं सरासरी क्षेत्र 463 एकर आहे. कापसाच्या पट्ट्यात हजार-दोन हजार एकर कसणारं घर हे काही नवल नाही. महाराष्ट्रात सरासरी धारणा सव्वातीन एकरांच्या आसपास. पुढचा सगळा हिशेब वाचताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत.

आधी दप्तर, मग पैसा

प्रत्येक शेतकी काउंटीत, किंवा दोन-तीन काउंट्या मिळून, केंद्रीय कृषी खात्याचं एक छोटं कार्यालय असतं. 'फार्म सर्व्हिस एजन्सी' असं त्या यंत्रणेचं नाव. आपण त्याला शेतकी कचेरी म्हणू. तलाठी कार्यालय, कृषी सहायक आणि बँकेचा पीककर्जाचा टेबल एकाच खोलीत आणून बसवले तर जे होईल, ते हे.

तिथे प्रत्येक शेताला नंबर असतो, त्यातल्या प्रत्येक तुकड्याला वेगळा नंबर, आणि वरून घेतलेल्या छायाचित्रावर त्याच्या सीमा आखलेल्या. आपला गट नंबर आणि नकाशा म्हणा ना. पेरणी झाली की शेतकरी तिथे जाऊन कोणत्या तुकड्यात काय पेरलं, किती एकर, कोणत्या तारखेला, हे नोंदवून सही करतो. उन्हाळी पेऱ्याची शेवटची तारीख साधारण 15 जुलै. आपल्या ई-पीक पाहणीचाच हा थोरला भाऊ. नोंद चुकली की पुढचं सगळंच अडतं, तिथेही.

कचेरीच्या डोक्यावर बसते ती शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली तीन ते अकरा जणांची समिती. टपालाने मतपत्रिका येतात, शेतकरी मत देतात. 1930च्या दशकात महामंदीने शेतमालाचे भाव पार रसातळाला गेले, धुळीच्या वादळांनी माती उडाली, तेव्हा रूझवेल्ट सरकारने 1933 साली शेतकऱ्यांना पैसे देण्याचा पहिला मोठा कायदा केला. वॉशिंग्टनमधल्या साहेबाला लिन काउंटीतल्या शेताची काय माहिती, ती गावच्याच माणसांना असणार, हा विचार तेव्हापासूनचा.

विचार चांगला, पण गावकी सगळीकडे सारखीच. दक्षिणेकडच्या राज्यांत या समित्या गोऱ्या जमीनदारांच्या हातात होत्या. काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे अर्ज पडून राहायचे, पेरणी उलटून गेल्यावर मंजूर व्हायचे किंवा व्हायचेच नाहीत. 'पिगफर्ड' नावाने ओळखल्या गेलेल्या खटल्यात 1999 साली सरकारने तडजोड केली आणि हजारो काळ्या शेतकऱ्यांना भरपाई द्यावी लागली. तोवर कित्येकांच्या जमिनी गेलेल्या होत्या. 'स्थानिक लोकांच्या हाती द्या, म्हणजे न्याय होईल' असं कोणी म्हणालं की मला हा खटला आठवतो.

बेस एकर: जमिनीला चिकटलेला हक्क

आता एकच अवघड शब्द शिकून घेऊ: बेस एकर. म्हणजे पूर्वी कधीतरी, ठरावीक वर्षांत, या जमिनीवर अमुक पीक अमुक एकर होतं, अशी सरकारदरबारी झालेली नोंद. ती जमिनीला चिकटते. जमीन विकली की नोंद नव्या मालकाकडे जाते.

आणि इथेच आपण गोंधळतो. पैसे या जुन्या नोंदीवर मिळतात, यंदाच्या पेऱ्यावर नाही. समजा एखाद्या शेतावर 500 बेस एकर कापूस आहे. यंदा शेतकऱ्याने तिथे ज्वारी लावली. कापसाचा भाव पडला, तर त्याला कापसाचे पैसे मिळतात. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे बापानं कापूस लावला होता म्हणून पोराले पैसे?" थोडक्यात तसंच.

यामागे तर्क आहे. पैसे यंदाच्या पेऱ्याला बांधले, तर सगळे त्याच पिकाच्या मागे लागतील, माल जास्त होईल, भाव आणखी पडेल. म्हणून पैसा पेऱ्यापासून तोडला. पण तोडता तोडता तो जमिनीच्या मालकीला बांधला गेला, आणि त्याचे परिणाम पुढे दिसतील.

भावातला फरक कसा भरतात?

मुख्य योजना दोन. पहिलीला आपण भावफरक योजना म्हणू. कायद्यात प्रत्येक पिकाचा एक आधारभाव लिहिलेला असतो. देशभरातला वर्षाचा सरासरी बाजारभाव त्याच्या खाली गेला, तर मधला फरक सरकार देतं. माल कुठे विकला, कोणाला विकला, कितीला विकला, काही विचारत नाही. मध्य प्रदेशातली भावांतर योजना साधारण याच जातीची.

जुलै 2025च्या कायद्याने हे आधारभाव वाढवले. मक्याचा बुशेलला (धान्य मोजायचं तिथलं माप) 3.70 डॉलरवरून 4.10 झाला, सोयाबीनचा 8.40वरून 10. कापसाचा पौंडाला 36.7 सेंटवरून 42 सेंट. पौंड आणि सेंट आपल्याला काही सांगत नाहीत, म्हणून क्विंटलमध्ये आणू. क्विंटलला 220 पौंड धरले तर 42 सेंट म्हणजे सुमारे 92.50 डॉलर, म्हणजे 8,300 रुपयांच्या आसपास.

आता आपल्याकडे पाहा. 2025-26च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये. हा हिशेब मी तीनदा केला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. टेक्सासच्या शेतकऱ्याला त्याचं सरकार ज्या भावाची खात्री देतं आणि यवतमाळच्या शेतकऱ्याला आपलं सरकार जो भाव जाहीर करतं, त्यात क्विंटलमागे दोन-अडीचशे रुपयांचाच फरक आहे.

फरक आहे तो भाव हातात पडण्याच्या रीतीत. काकांना 8,110 मिळवायचे तर मोबाइलवर नोंदणी, केंद्राची तारीख, भाड्याची गाडी, रांग, आणि शेवटी ओलाव्याचं यंत्र. 12 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत. दिवाळीच्या तोंडावर, घरात पैसा नसताना, कापूस वाळवत बसायला जागा कुठे आणि धीर कुठे? काका मिळेल त्या भावाने खासगी व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात. टेक्सासच्या शेतकऱ्याला फरक मिळवायला कापसाची एक गाठही जागची हलवावी लागत नाही.

त्याच्या हिशेबाचं एक काल्पनिक उदाहरण करू. बेस 500 एकर. त्यातल्या 85 टक्क्यांवरच पैसे मिळतात, म्हणजे 425 एकर. नोंदीतलं उत्पादन एकरी 1,400 पौंड. वर्षाचा सरासरी भाव 34 सेंट निघाला, म्हणजे फरक 8 सेंट. 425 गुणिले 1,400 गुणिले 8 सेंट: 47,600 डॉलर. जवळजवळ 43 लाख रुपये.

यातला 1,400 पौंडांचा आकडा पुन्हा पाहा. तो एकरी सव्वासहा-साडेसहा क्विंटल झाला. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा उतारा काही परग्रहावरचा वाटणार नाही. बरं वर्ष असेल तर काकाही तिथपर्यंत जातात. एका एकरातला कापूस दोघांचा फारसा वेगळा नाही. एकरांची संख्या आणि मागे उभं असलेलं सरकार, हे दोन वेगळे आहेत.

काउंटीची सरासरी आणि आपलं महसूल मंडळ

दुसरी योजना उत्पन्नहमीची. इथे भाव आणि उतारा दोन्ही धरतात. गेल्या पाच वर्षांतलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात वाईट वर्ष वगळून काउंटीचं सरासरी एकरी उत्पन्न काढतात. यंदाचं उत्पन्न त्याच्या 90 टक्क्यांच्या खाली गेलं, तर तूट भरून देतात, तीही एका मर्यादेपर्यंतच. हे सगळं काउंटीच्या सरासरीवर ठरतं, तुमच्या शेतावर नाही. शेतकऱ्याने कोणत्या पिकासाठी कोणती योजना घ्यायची ते साधारणपणे दरवर्षी मार्चच्या मध्यापर्यंत कचेरीत जाऊन सांगायचं.

सरासरीचं दुखणं काय असतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. एका वर्षी आमच्या शेतात बोंडं फुटायच्या वेळी तीन दिवस पाऊस कोसळला. हात लावला की बोंडातून पाणी गळायचं, सरकीला झाडावरच कोंब आले होते. पण महसूल मंडळाच्या दुसऱ्या टोकाच्या गावांत पाऊस झाला नव्हता, त्यामुळे मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. विमा कंपनीचं उत्तर एका ओळीत आलं: भरपाईस पात्र नाही. लिन काउंटीत गारपीट एका कोपऱ्यात झाली आणि बाकीची काउंटी वाचली, तर या योजनेतून त्या शेतकऱ्यालाही असंच उत्तर मिळेल.

फक्त त्याच्याजवळ आणखी एक थर आहे.

विमा: सगळ्यात जाड थर

अमेरिकेत पीकविमा 1938पासून आहे. आज तो खासगी कंपन्या विकतात, पण हप्त्यातला सरासरी 60 टक्क्यांहून जास्त वाटा सरकार भरतं, आणि कंपन्यांचा कारभाराचा खर्चही बराचसा सरकारच देतं. शेतकरी स्वतःच्या शेताच्या उताऱ्यावर विमा घेऊ शकतो, नेहमीच्या उत्पन्नाच्या 50 ते 85 टक्क्यांपर्यंत. भाव पडला तरीही तो लागू होतो. नुकसान झालं की पाहणी करणारा माणूस त्या शेतात येतो, त्या शेताचं मोजमाप करतो.

2022 साली टेक्सासमध्ये एवढा दुष्काळ पडला, की पेरलेल्या कापसाच्या निम्म्याहून कितीतरी जास्त क्षेत्रावर वेचणीची यंत्रं फिरलीच नाहीत. पीक सोडून द्यावं लागलं. ताहोकासारख्या गावात त्या वर्षी जिनिंगला माल नाही, वाहतुकीला गाड्या नाहीत, मजुरांना काम नाही. शेतकरी मात्र विम्यावर उभा राहिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरलं. जिनवाल्याला आणि मजुराला असा विमा नसतो, हे इथे विसरू नये.

आणखी एक प्रकार आहे, तो नुसता सांगून पुढे जातो: जमीन न पेरण्याचे पैसे. उताराची, वाऱ्याने धूप होणारी जमीन 10 ते 15 वर्षं गवताखाली ठेवायची आणि सरकारकडून खंड घ्यायचा. हे 1985पासून चालू आहे. पण एका काउंटीतली साधारण 25 टक्क्यांहून जास्त शेतजमीन यात घेत नाहीत, कारण पेरणीच थांबली तर बी-बियाण्याचं दुकान, ट्रॅक्टरवाला, जिन आणि शेवटी शाळाही बसते.

एवढं असताना पुन्हा तातडीची मदत कशाला?

काकांच्या एकरी दहा हजारांकडे आता येऊ.

भावफरकाचे पैसे वर्षाचा सरासरी भाव ठरल्याशिवाय देता येत नाहीत. 2025च्या कापसाचे पैसे त्यामुळे ऑक्टोबर 2026च्या आधी हातात येणार नाहीत. दरम्यान खत, डिझेल, यंत्रांचे हप्ते आणि व्याज सगळं चढलेलं, आणि बँक पुढच्या पेरणीचं कर्ज द्यायच्या आधी जुना हिशेब मागते. या मधल्या दरीवर टाकलेली फळी म्हणजे डिसेंबरची मदत. म्हणून तिच्या नावातच 'ब्रिज' आहे. ती मात्र बेस एकरांवर नाही, 2025 साली खरोखर पेरलेल्या एकरांवर ठरली.

दुसरं कारण सरकारने स्वतः ओढवून घेतलेलं. आयात मालावर कर लावले की समोरचा देश तुमचा शेतमाल घेणं थांबवतो. 2018मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनबाबत तेच केलं आणि दोन वर्षांत मिळून सुमारे 23 अब्ज डॉलर शेतकऱ्यांना वाटावे लागले. 2019च्या वाटपात तर प्रत्येक काउंटीचा वेगळा दर होता, एकरी 15 डॉलरपासून 150 डॉलरपर्यंत. काउंटीच्या सीमेवरच्या रस्त्याच्या या बाजूला एक दर, त्या बाजूला दुसरा. माती तीच, पीक तेच. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत त्यावरून किती बोलाचाली झाल्या असतील याची कल्पना आपण करू शकतो, कारण दुष्काळी तालुक्यांच्या यादीच्या वेळी आपण तेच पाहतो.

पैसा शेवटी कोणाकडे जातो?

इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण सगळ्या व्यवस्थेचा कणा इथे आहे.

अमेरिकेत 19 लाख शेतं आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त शेतांना एरवीच्या वर्षी या योजनांतून एक डॉलरही मिळत नाही. भाजीपाला, फळं, गवत, गुरं, छोटी शेतं, यांचा बहुतेक योजनांशी संबंधच नाही. पैसा मका, सोयाबीन, गहू, कापूस, तांदूळ, भुईमूग यांच्याकडे जातो आणि तो एकरावर मिळत असल्याने ज्याचे एकर जास्त, त्याला पैसे जास्त.

मर्यादा आहे. मुख्य योजनांत माणशी वर्षाला 1,25,000 डॉलर होती, ती 2025च्या कायद्याने 1,55,000 केली, म्हणजे एक कोटी 39 लाख रुपये. पण माणशी म्हणजे शेतामागे नाही. नवरा-बायको दोघं शेतीत असली की मर्यादा दुप्पट. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराची वेगळी. 2018च्या कायद्यात तर चुलत भावंडं, भाचे, पुतणे यांनाही कुटुंबाच्या शेतीत धरायची मुभा मिळाली. एकाच पेरणीयंत्रामागे मग चार-चार नावं उभी राहू शकतात. आपल्याकडे कमाल जमीन धारणेच्या कायद्यातून सुटायला घरातल्या कोणाकोणाच्या नावावर सातबारे झाले, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. विम्याच्या अनुदानाला तर अशी मर्यादाच नाही.

आणि कसणाऱ्याचं काय? पश्चिम टेक्सासमध्ये बरीच जमीन दुसऱ्याची कसली जाते. कापसाचा चौथा हिस्सा मालकाला, ही तिथली जुनी बटईची रीत. बटई असेल तर सरकारी पैसेही त्याच हिश्शाने वाटले जातात. रोख खंडाने घेतली असेल तर कायद्याप्रमाणे सगळे पैसे कसणाऱ्याचे, कारण धोका त्याचा.

हे ऐकून मला आधी बरं वाटलं. आपल्याकडे पीएम किसानचे 6,000 आणि नमो शेतकरी महासन्मानचे 6,000 सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात, ठोक्याने शेती करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. पण पुढे पाहिलं तर तिथेही पैसा वाट काढतोच. या जमिनीवर बेस एकर आहेत, वर्षाला इतके येऊ शकतात, हे मालकालाही माहीत असतं. पुढच्या वर्षी तो खंड वाढवतो. कायदा कसणाऱ्याच्या हातात ठेवतो, खंड त्याच्या हातातून काढून घेतो. जमिनीची किंमतही चढते, आणि नव्याने शेती करू पाहणाऱ्या तरुणाला ती परवडत नाही. अमेरिकी शेतकऱ्याचं सरासरी वय आज 58 आहे.

लिन काउंटीत 1930 साली बारा हजारांहून जास्त लोक राहत होते. आज त्याच्या निम्म्यानेही नाहीत. यंत्रं आली, शेतं मोठी झाली, त्याला अनुदान एकटं जबाबदार नाही. पण नव्वद वर्षं अखंड पैसा येऊनही गाव भरलं नाही, एवढं मात्र दिसतं.

"पण ही माहिती सगळी खरी कशावरून?"

रास्त प्रश्न. तिथे हे पैसे कोणाला किती मिळाले ही माहिती सरकारकडून मागून घेता येते आणि एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था ती वर्षानुवर्षं काउंटीनिहाय, नावानिशी लोकांपुढे मांडते. गावात कोणाला किती आले हे शेजाऱ्याला पाहता येतं. काहींना ते खासगी आयुष्यात नाक खुपसणं वाटतं. मला ते योग्य वाटतं. पैसा सगळ्यांचा असेल तर यादीही सगळ्यांना दिसावी.

शहरातले लोक हे सहन कसे करतात?

शेतीचा आणि गरिबांच्या अन्नमदतीचा कायदा 1970च्या दशकापासून एकाच गाठोड्यात बांधलेला आहे. गाठोड्यातला मोठा वाटा अन्नमदतीचा. शहरी खासदार त्यासाठी मत देतात, ग्रामीण खासदार शेतीसाठी. 2025मध्ये मात्र शेतीचे आधारभाव वाढवताना अन्नमदतीला कात्री लावली गेली, त्यामुळे ही जुनी गाठ किती टिकेल ते पाहावं लागेल.

आपल्या कापसाला याची झळ कशी बसते?

अमेरिका आपल्या कापसातला चार-पंचमांशाहून जास्त बाहेर विकते. भाव पडला की खरं तर पेरा कमी व्हायला हवा, माल घटून भाव सावरायला हवा. पण ज्याच्या मागे विमा, भावफरक आणि मदत आहे, तो पडत्या भावातही पेरतो. माल बाजारात येतच राहतो. आणि आपल्या जिनिंगवाल्याचा सकाळचा पहिला डोळा न्यूयॉर्कच्या वायद्यावर असतो. तिथे घसरण, की दुपारी बाजार समितीत बोली खाली.

ब्राझीलने हे दुखणं 2002 साली जागतिक व्यापार संघटनेत नेलं आणि जिंकलं. अमेरिकेने काय केलं? स्वतःच्या शेतकऱ्यांची मदत चालू ठेवली आणि ब्राझीलच्या कापूस शेतकऱ्यांसाठी वर्षाला 147 दशलक्ष डॉलर द्यायचं कबूल केलं. 2014मध्ये आणखी 300 दशलक्ष देऊन प्रकरण मिटवलं, आणि त्याच वर्षी भावफरक योजनेतून कापूस काढून टाकला.

मग 2018मध्ये तो परत आला, वेगळ्या नावाने. आणि ही गोष्ट मराठी माणसाला कोणाहूनही लवकर कळेल, कारण आपल्याकडे त्यासाठी वेगळे शब्दच आहेत. शेतातून येतो तो कापूस. जिनिंगमध्ये त्याची रुई आणि सरकी वेगळी होते. अमेरिकेत खटला झाला होता तो रुईचा. टेक्सासचा शेतकरी आपल्यासारखा कापूस विकत नाही, जिनिंग करून रुईच्या गाठी विकतो, आणि सरकी बहुतेकदा जिनिंगच्या मजुरीतच वळती होते. कायद्यात मात्र आता आधारभाव आहे तो कापसाचा, म्हणजे सरकीसकट. ज्या मालाचा तिथे बाजारच भरत नाही, त्याचा भाव रुई आणि सरकीच्या भावांवरून कागदावर काढायचा आणि फरक द्यायचा. वर सांगितलेले 42 सेंट ते हेच.

याच अमेरिकेने नोव्हेंबर 2018मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली, की भारत कापसाच्या हमीभावातून मर्यादेबाहेर आधार देतो. हिशेबाची खोच अशी, की नियमांप्रमाणे आपला आजचा हमीभाव 1986 ते 1988 या काळातल्या जागतिक भावाशी ताडला जातो. चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाशी तुलना केल्यावर कोणताही आजचा भाव डोंगराएवढा दिसणारच. मला हा नियम अन्यायाचा वाटतो आणि तो बदलण्याचा भारताचा आग्रह रास्त वाटतो.

"म्हणजे विदर्भाच्या दुःखाला अमेरिका जबाबदार?"

एवढं सरळ नाही, आणि तसं म्हणणं स्वतःची फसवणूक ठरेल. ब्राझीलचा कापूस प्रचंड वाढलाय, पॉलिस्टर स्वस्त आहे, चीनची खरेदी कमी-जास्त होते. आपल्याकडे गुलाबी बोंडअळी, सावकारी कर्ज, सिंचनाचा दुष्काळ आहे. शिवाय आपणही निर्णय घेतो: ऑगस्ट 2025मध्ये कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत चालू ठेवली, म्हणजे आपला कापूस घरात यायच्या ऐन दिवसांत. अमेरिकी करांमुळे अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला स्वस्त रुई हवी होती, ती गरज खोटी नव्हती. पण त्याची किंमत कोणी मोजली हे बाजार समितीच्या ओट्यावर दिसलं.

आपणही तसंच करावं का?

जमिनीच्या आकारावर पैसा वाटण्याची त्यांची रीत आपण घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे तर ज्यांच्या नावावर जमीनच नाही अशा कसणाऱ्या बायका आणि ठोकेदार आधीच बाहेर आहेत. घेण्यासारखं आहे ते दुसरंच: स्वतःच्या शेताच्या उताऱ्यावरचा विमा, आणि बाजारभाव पडला तर फरक थेट खात्यावर. महाराष्ट्राने 2023च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, दिले होते. पण ते हंगाम संपून गेल्यावर, निवडणुकीच्या तोंडावर ठरलं. पेरणीच्या वेळी त्यावर विसंबून कोणीच काही ठरवू शकलं नव्हतं.

हे सगळं मी काकांना दोन-तीन फोनमध्ये सांगितलं. बेस एकर त्यांना पटले नाहीत. 8,300 आणि 8,110 हे आकडे मात्र त्यांनी लिहून घेतले, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर. मग विचारलं, "त्याले पेरायच्या आंधी सांगते का, का भाव पडला तं इतके देऊ म्हणून?"

हो म्हटलं, कायद्यातच लिहिलेलं असतं.

"आन् ओलावा?"

ओलावा कोणी पाहत नाही, काका.

पलीकडे शांतता. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. घरातल्या खोलीत त्यांच्या अजून चार क्विंटल कापूस पडून होता, भाव वाढेल म्हणून ठेवलेला.